बांबूच्या बेटातील जाळीदार अळंबी: अंड्यापासून अखेरपर्यंत निरीक्षण कसे करावे

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या शेताच्या बांधावर मानवेल बांबूचे एक जुने बेट आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी त्या बेटाजवळून जाताना आमचे सालदार अचानक थांबले आणि नाकाला उपरणे लावून म्हणाले, "भाऊ, अठे काही मरेल शे का?" घूस किंवा साप मेला असावा असे समजून आम्ही काठीने पाचोळा बाजूला केला. तिथे मेलेले काहीच नव्हते. वीतभर उंचीचा पांढरा दांडा, त्यावर हिरवट-तपकिरी चिकट टोपी आणि टोपीखालून जमिनीपर्यंत सोडलेली, हाताने विणल्यासारखी पांढरीशुभ्र जाळी असलेली एक अळंबी तिथे उभी होती आणि तिच्या टोपीवर माश्यांची दाटी झाली होती. दुपारनंतर मी कॅमेरा घेऊन परत गेलो, तेव्हा तिथे एक ओलसर, चुरगळलेला पांढरा गोळा तेवढा उरला होता.

बहुतेक लोकांची या अळंबीशी ओळख अशीच, योगायोगाने आणि शेवटच्या घटकेला होते. फुललेली अळंबी शोधत रानभर फिरणाऱ्याला ती क्वचितच भेटते, कारण तिचे फुललेले आयुष्य एका दिवसाचेही नसते. त्याआधीचे कित्येक दिवस ती पाचोळ्याखाली अंड्याच्या रूपात असते. म्हणून ज्याला हिचे जीवन समजून घ्यायचे आहे त्याने फुललेली अळंबी शोधू नये. तिचे अंडे शोधावे आणि त्याच्याजवळ बसून राहावे. हे कसे करायचे, याची क्रमवार माहिती नवख्या निरीक्षकांसाठी येथे दिली आहे. विज्ञानाचे शिक्षण असलेच पाहिजे असे नाही. चिकाटी मात्र हवी.

नाव आणि कुळ

शास्त्रीय भाषेत या अळंबीला फॅलस इंडुझिएटस म्हणतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एत्येन-पिएर व्हाँतना यांनी १७९८ मध्ये तिला हे नाव दिले. 'फॅलस' म्हणजे पुरुषलिंग, आणि 'इंडुझिएटस' हा शब्द अंगाजवळच्या झग्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. जुन्या लिखाणात हीच अळंबी डिक्टिओफोरा इंडुझिएटा या नावानेही आढळते, त्यामुळे माहिती शोधताना दोन्ही नावे लक्षात ठेवावीत. तिचे कुळ फॅलेसी. या कुळातील अळंब्यांना इंग्रजीतून आलेल्या शब्दाने स्टिंकहॉर्न, म्हणजे दुर्गंधी शिंगे, असे म्हटले जाते. ही विशिष्ट जाती आशिया, आफ्रिका, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांच्या उष्ण प्रदेशांत आढळते. नावाच्या अर्थामुळे आणि आकारामुळे मुलांना ही अळंबी दाखवताना काही शिक्षक संकोचतात, हे मी पाहिले आहे. हा संकोच सोडावा असे मला मनापासून वाटते, कारण बुरशी, कीटक आणि कुजणारे लाकूड यांचे नाते इतक्या स्पष्टपणे एकाच सकाळी दाखवणारा दुसरा जीव आपल्या परिसरात सहज सापडणार नाही.

पहिली पायरी: केव्हा आणि कुठे शोधावे

मैदानी खान्देशात वर्षाचा पाऊस ६०० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तोही सलग पडत नाही. मृगाच्या पहिल्या सरींनी जमीन वरवर भिजते, पण कुजक्या लाकडाच्या आतपर्यंत ओल जायला वेळ लागतो. त्यामुळे जून महिन्यात शोधून फारसे हाती लागत नाही. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ आपल्याकडे अधिक उपयोगाचा आहे, आणि त्यातही तीन-चार दिवसांची झड लागून गेल्यावर जी ढगाळ उघडीप मिळते ते दिवस सर्वांत चांगले. सातपुड्यातील तोरणमाळसारख्या उंच आणि अधिक पावसाच्या भागात ओल जास्त काळ टिकते, म्हणून तिथे शोधाची मुदतही थोडी लांबते.

जागा निवडताना ही अळंबी खाते काय, याचा विचार आधी करावा. ती मृतोपजीवी आहे, म्हणजे जिवंत झाडाला न छळता मेलेले लाकूड, बांबूचे कुजके बुंधे आणि दाट पाचोळा यांतील घटक विघटित करून जगते. वर्षातले बहुतेक दिवस तिचे शरीर म्हणजे जमिनीत आणि लाकडात पसरलेले पांढरे, सुतासारखे धागे. आपण जिला अळंबी म्हणतो ती या शरीराने बीजाणू, म्हणजे बियांसारखे काम करणारे सूक्ष्म कण, पसरवण्यासाठी काही तासांपुरता वर काढलेला अवयव आहे. एवढे समजले की जागा आपोआप सुचतात. नाल्याकाठची जुनी बांबूची बेटे, बांधावरचे न साफ केलेले कोपरे, लाकूड चिरण्याच्या जागेजवळ साचलेला जुना भुसा, वाड्यामागे वर्षानुवर्षे पडून असलेल्या ओंडक्यांच्या कडा, आणि झाडांच्या बुडाशी लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन घातलेल्या बागा पाहाव्यात. ज्या बेटाखालचा पाचोळा दरवर्षी पेटवला जातो तिथे शोधण्यात मी वेळ घालवत नाही.

बेटाखाली उभ्याने पाहू नये. गुडघ्यावर बसावे, पण त्याआधी लांब काठीने पाचोळा हलवून घ्यावा, कारण पावसाळ्यात घोणस, फुरसे आणि विंचू यांचा आसरा नेमका अशाच ठिकाणी असतो. हात थेट पाचोळ्यात घालू नये. पायांत गमबूट असावेत. या दोन सूचना ऐच्छिक मानू नयेत.

यावल, अनेर धरण किंवा गौताळा औट्रम घाट अशा अभयारण्यांत निरीक्षण करायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलून आणता येत नाही, आणि अळंबीही त्यात आली. नवख्याने सुरुवात स्वतःच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या शेतापासूनच करावी. रात्री-पहाटे बसून राहावे लागते, तेव्हा घराजवळची जागा सोयीची पडते.

दुसरी पायरी: सोबत काय घ्यावे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, सेंटिमीटरच्या खुणा असलेली लाकडी पट्टी, विजेरी, घड्याळ, पेन्सिल आणि जाड कागदाची वही, एक धारदार चाकू, दोन-तीन काचपट्ट्या आणि झाकणाची छोटी डबी एवढे पुरते. पेनाची शाई पावसात पसरते, म्हणून पेन्सिलच घ्यावी. मोबाइलचा कॅमेरा चांगला असला तरी दमट हवेत त्याच्या भिंगावर वाफ धरते. मऊ सुती फडके खिशात ठेवावे. बसायला पोते न्यावे.

तिसरी पायरी: अंडे ओळखणे

या पायरीवर घाई करू नये. अंडे साधारण कोंबडीच्या लहान अंड्याएवढे किंवा त्याहून लहान, जास्तीत जास्त चार सेंटिमीटर व्यासाचे असते. रंग पांढरट, मळकट पिवळसर किंवा तांबूस-तपकिरी. ते अर्धे मातीत आणि अर्धे पाचोळ्यात असते आणि बोटाने हलकेच दाबले तर मऊ पण भरीव लागते, पाण्याने भरलेल्या रबरी चेंडूसारखे. सर्वांत महत्त्वाची खूण त्याच्या बुडाशी असते. अंडे सावकाश एका बाजूला कलवून पाहिले तर त्याला खालून एक किंवा अनेक पांढऱ्या दोऱ्या चिकटलेल्या दिसतात. बुरशीचे हजारो धागे एकत्र वळले जाऊन त्या तयार होतात, आणि लाकडातून मिळवलेले अन्न व पाणी यांच्यातूनच अंड्यापर्यंत येते. जमीन भुसभुशीत असेल तर अशी एखादी दोरी बोटाने मोकळी करत मागे मागे जावे. ती पुष्कळदा एखाद्या कुजक्या बांबूच्या बुंध्यात शिरते, आणि मग अळंबीचा मुक्काम कुठे आहे हे डोळ्यांनी दिसते.

एकाच ठिकाणी पाच-सहा अंडी असतील तरच त्यांतील एक चाकूने उभे कापावे. एकटे असेल तर कापू नये. कापलेल्या अंड्यात बाहेरून आत जाताना चार गोष्टी दिसतात. सर्वांत बाहेर पातळ, चिवट साल. त्याखाली पारदर्शक जेलीचा जाड थर. मग गर्द हिरवट थर, म्हणजे बीजाणूंचा साठा. आणि मध्यभागी पांढरा, गच्च दाबून बसवलेला दांडा. त्या दाबलेल्या दांड्याच्या आणि टोपीच्या मधल्या फटीत चुण्या पडलेल्या पातळ पडद्यासारखी जाळीही घडी घालून ठेवलेली असते. पुढे उलगडणारे सगळे या टप्प्यावर तयार आहे, हे नवख्या निरीक्षकाने नीट पाहून घ्यावे. भिंग लावून पाहिले तर दांड्याचा गाभा भरीव नसून बारीक कोठड्यांचा बनलेला, चुरगळलेल्या स्पंजासारखा असल्याचे कळते.

येथे एक गंभीर सूचना देणे भाग आहे. ॲमानिटा या प्रजातीतील काही अळंब्या प्राणघातक विषारी आहेत आणि त्यांचीही कोवळी अवस्था अंड्यासारखीच दिसते. ते अंडे उभे कापल्यावर आत छत्रीचा संपूर्ण आकार, तिच्या खालच्या बाजूच्या पाळ्यांसह, म्हणजे पातळ उभ्या पडद्यांसह, कोरल्यासारखा दिसतो आणि जेलीचा थर नसतो. गोल भुईफोडासारख्या अळंबीच्या कोवळ्या गोळ्यात याउलट सगळीकडे एकसारखा पांढरा गर असतो. जेली, हिरवा थर आणि पांढरा स्पंज या तिन्ही गोष्टी दिसल्या तर अंडे दुर्गंधी अळंबीच्या कुळातले आहे. तरीही ही ओळख केवळ निरीक्षणासाठी आहे, ताटात घेण्यासाठी नाही.

चौथी पायरी: उमलण्याची वाट पाहणे

अंडे सापडल्यावर त्यापासून हातभर अंतरावर एक काडी रोवून खूण करावी आणि रोज संध्याकाळी एकदा पाहून यावे. सुरुवातीला गोल असलेले अंडे पिकत आले की वरच्या टोकाला किंचित निमुळते होते, साल ताणली जाऊन चमकू लागते आणि बोट लावल्यास आतून काहीतरी टणक वर दाबत असल्याचे जाणवते. हा बदल दिसला की त्या रात्रीची तयारी करावी. माझ्या नोंदींमध्ये बहुतेक अंडी रात्रीच्या उत्तरार्धात किंवा पहाटे फुटली आहेत. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी सात वाजता सालीवर बारीक चीर पाहिली, जेवून येऊ म्हणून घरी गेलो आणि झोप लागली. सकाळी परत आलो तोवर जाळीसुद्धा पूर्ण उतरली होती. पुढच्या संधीसाठी मला अकरा महिने थांबावे लागले. म्हणून चीर दिसल्यानंतर जागा सोडू नये, एवढेच आग्रहाने सांगतो.

साल फुटताना वरच्या टोकाला दोन-तीन फाकळ्या होतात आणि त्यांतून टोपीचे टोक दिसते. ही फाटलेली साल पुढे दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखी राहते. इथून पुढे दर दहा मिनिटांनी पट्टी लावून जमिनीपासून टोपीच्या टोकापर्यंतची उंची लिहावी. पट्टी अळंबीला टेकवू नये; बाजूला उभी रोवून ठेवली तर मोजमाप सोपे होते. पहिली काही मोजमापे निराश करणारी असतात, मग वेग अचानक वाढतो. पूर्ण वाढलेला दांडा ७ ते २५ सेंटिमीटर लांब आणि दीड ते तीन सेंटिमीटर जाड असतो, आणि साल फुटल्यानंतर तो साधारणपणे एक ते तीन तासांत उभा राहतो. समजा १५ सेंटिमीटरचा दांडा दोन तासांत वाढला, तर सरासरी वेग मिनिटाला सव्वा मिलिमीटर होतो. वेग ऐन भरात असताना पट्टीवरच्या रेघेकडे टक लावून पाहिले तर टोपी ती रेघ ओलांडताना खरोखर दिसते. ज्याने हे एकदा पाहिले आहे त्याला पुन्हा पाहावेसे वाटते.

एवढा वेग येतो कसा, याचे उत्तर कापलेल्या अंड्यात आपण आधीच पाहिले आहे. कोंब किंवा रोप वाढते तेव्हा नव्या पेशी तयार होण्याचे आणि त्या लांबण्याचे काम दिवसेंदिवस चालते. या दांड्यात पेशी आधीच तयार असतात, पण कोठड्यांच्या भिंती घड्या घालून दाबलेल्या असतात. उमलण्याच्या वेळी पेशी पाणी घेऊन फुगतात, घड्या सुटतात आणि भात्यासारखा दांडा लांब होतो. त्यासाठी लागणारे पाणी भोवतालच्या जेलीने धरून ठेवलेले असते, म्हणून दोन दिवस पाऊस नसला तरी पिकलेले अंडे फुटू शकते. या दाबात जोरही मोठा असतो. हिची युरोपातील बहीण फॅलस इम्पुडिकस रस्त्याचे डांबर उचलून वर आल्याची उदाहरणे आहेत.

जाळी सर्वांत शेवटी येते. दांडा बहुतेक वाढून झाला की टोपीच्या खालच्या कडेतून पांढरी झालर डोकावते आणि हळूहळू खाली सरकत, फुगत, बाहेर पसरत जाते. तिची छिद्रे सुरुवातीला चेपलेली असतात आणि नंतर ताणून बहुकोनी होतात. पूर्ण उतरलेली जाळी अनेकदा जमिनीला टेकते. तिचा उपयोग काय, याविषयी अभ्यासकांनी वेगवेगळे तर्क केले आहेत: न उडणाऱ्या मुंग्या-भुंगेऱ्यांना वर चढायला ती शिडी होत असावी, अंधाऱ्या पाचोळ्यावर तिचा पांढरा रंग कीटकांना दुरून दिसत असावा, किंवा वास पसरायला मोठा पृष्ठभाग मिळत असावा. इथे नवख्या निरीक्षकालाही खरे काम करता येते. चालत येणारा प्रत्येक कीटक जाळीवरून वर गेला की थेट दांड्यावरून गेला, हे तासभर मोजून वहीत लिहिले तर पहिल्या तर्काची स्वतःपुरती तपासणी होते. मी आतापर्यंत तीन वेळा असे मोजले आहे आणि तिन्ही वेळा मुंग्यांनी दोन्ही वाटा वापरल्या, म्हणून मी अजून कोणत्याही बाजूने बोलत नाही.

पाचवी पायरी: वास आणि माश्या

वास हे या अळंबीचे मुख्य काम आहे, त्यामुळे नाक दाबून हा भाग टाळू नये. साध्या छत्रीच्या अळंब्या आपले बीजाणू खालच्या पाळ्यांवरून हवेत सोडतात आणि ते वाऱ्याने जातात. दुर्गंधी अळंबीच्या कुळाने ही पद्धत सोडून दिली आहे. तिचे बीजाणू अंड्याच्या आतच पिकतात, टोपीवर चिकट लेपाच्या रूपाने येतात आणि ते नेण्याचे काम माश्यांवर सोपवलेले असते. या कुळातील फॅलस इम्पुडिकसच्या वासाचे रासायनिक पृथक्करण झाले आहे आणि त्यात डायमिथाइल डायसल्फाइड व डायमिथाइल ट्रायसल्फाइड ही गंधकाची संयुगे सापडली आहेत. मेलेल्या जनावराच्या कुजण्यातूनही हीच संयुगे सुटतात, म्हणून आमच्या सालदारांचा अंदाज रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होता. ज्यांच्याकडे कांद्याची चाळ आहे त्यांना या वासातील एक छटा ओळखीची वाटेल, कारण कांद्याच्या उग्र वासामागेही गंधकाचीच संयुगे असतात. हीच युक्ती आपल्या परिसरातील सुरणाचे फूलही करते. बुरशी आणि वनस्पती यांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही, तरी दोघांनी माश्यांना बोलावण्यासाठी सारखाच वास निवडला आहे.

उजाडल्यावर पहिला अर्धा तास शांत बसून फक्त कोण येते हे लिहावे. प्रथम निळ्या-हिरव्या चमकदार माश्या येतात. मग पाठीवर करड्या-काळ्या पट्ट्या असलेल्या मांसमाश्या आणि कुजक्या फळांवर घोंगावणारी चिलटे. माश्या टोपीवर बसून सोंडेने लेप चाटतात, कारण त्यात साखरही असते. बीजाणू त्यांच्या पायांना आणि अंगाला चिकटतात, शिवाय पोटात गेलेले बीजाणूही पचून नष्ट न होता विष्ठेतून बाहेर पडतात. मृत प्राण्यावर अंडी घालायला निघालेली माशी पुढे ज्या ओल्या, कुजक्या जागी बसेल तिथे बीजाणू पोहोचण्याची शक्यता वाऱ्याने जाण्यापेक्षा बांबूच्या दाट, निवाऱ्याच्या बेटात किती तरी जास्त आहे, असे मला वाटते.

दर पंधरा मिनिटांनी टोपीचा एक फोटो एकाच कोनातून घ्यावा. काही तासांत लेप नाहीसा होत जातो आणि खालची फिकट पांढरट टोपी उघडी पडते. तिच्यावर मधाच्या पोळ्यासारखे खळगे आणि कंगोरे असतात, आणि शेंड्याला एक बारीक छिद्र असते. हे खळगे ओळखीसाठी महत्त्वाचे आहेत, त्यामुळे त्यांचा जवळून फोटो अवश्य घ्यावा. लेप संपला की वासही उतरतो आणि माश्या निघून जातात. दुपारच्या उन्हात जाळी लवते, दांडा वाकतो आणि संध्याकाळपर्यंत सगळे कोसळते.

सहावी पायरी: बीजाणू पाहणे

छत्रीची अळंबी कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा ठसा घेण्याची पद्धत येथे उपयोगी नाही, कारण बीजाणू खाली पडत नाहीत. त्याऐवजी काडीच्या टोकाने टाचणीच्या डोक्याएवढा लेप उचलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात मिसळावा, झाकणकाच ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विनंती करावी. लेप फार जाड झाला तर काहीच दिसत नाही. पाणी हिरवट झाक येईल इतपतच मिसळावे. चारशेपट मोठे केल्यावर असंख्य बारीक, पारदर्शक, लांबट कण दिसतात. लांबी अडीच ते साडेतीन मायक्रोमीटर आणि रुंदी एक ते दीड मायक्रोमीटर असते, म्हणजे तीनशेहून अधिक बीजाणू लांबीने एकापुढे एक ठेवले तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल. मोजमाप घ्यायचे असेल तर तेलाच्या भिंगातून हजारपट मोठे करावे लागते.

सातवी पायरी: घरी अंडे उमलवणे

रात्री शेतात बसणे ज्यांना शक्य नाही, विशेषतः शाळेतील मुलांना, त्यांच्यासाठी एक चांगला मार्ग आहे. पिकत आलेल्या अंड्याला उमलण्यासाठी लागणारे अन्न आणि पाणी त्याच्या आतच असते, त्यामुळे ते जागेवरून काढले तरी दमट हवेत उमलू शकते. एका जागी पुष्कळ अंडी असतील तेव्हाच त्यांतील एक, बुडाच्या दोऱ्या आणि मुठीएवढी माती यांसह खुरप्याने उचलावे. मातीच्या वाडग्यात ओली वाळू घालून अंडे बुड खाली करून अर्धे रोवावे आणि त्यावर मोठी पारदर्शक बरणी उपडी ठेवावी. बरणीची उंची निदान तीस सेंटिमीटर असावी, नाहीतर दांडा वर टेकून वाकतो. वाळू ओलसर राहील एवढेच पाणी शिंपडावे. पाणी साचले तर अंडे सडते. वाडगा ओसरीत, सावलीत ठेवावा. स्वयंपाकघरात ठेवू नये, कारण उमलल्यावर घरातल्या माणसांना वास सहन होणार नाही. कोवळे, छोटे अंडे आणले तर ते बहुधा तसेच वाळून जाते, म्हणून निमुळते झालेलेच निवडावे.

जवळच्या जाती

लाल किंवा नारिंगी दांड्याची, जाळी अजिबात नसलेली आणि टोपी निमुळती असलेली अळंबी दिसली तर ती बहुधा फॅलस रुबिकुंडस असते. भारतात ती हिरवळीवर आणि भुशाच्या आच्छादनावर पुष्कळ ठिकाणी सापडते, आणि नवख्याला जाळीदार जातीआधी हीच भेटण्याची शक्यता अधिक आहे. वरील सर्व पायऱ्या, जाळीचा भाग सोडून, तिलाही लागू पडतात. जाळी आहे पण ती पिवळी, नारिंगी किंवा गुलाबी आहे, तर ती वेगळ्या जातीची असते. वेगळी टोपी नसून दांड्याच्या टोकालाच लेप असेल तर म्युटिनस, आणि पिंजऱ्यासारखा पोकळ गोल असेल तर क्लॅथ्रस ही प्रजाती समजावी. जातीचे नाव निश्चित करण्याची घाई करू नये. अंड्याचा रंग, दांड्याचा रंग, टोपीचा पृष्ठभाग, जाळीची लांबी आणि बीजाणूंचे माप लिहून ठेवले तर नाव नंतरही ठरवता येते.

पीक, ताट आणि औषध

शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न असतो की केळीला किंवा बांबूला याचा रोग तर लागणार नाही ना. नाही. ही बुरशी मेलेल्या लाकडावर आणि पाचोळ्यावर जगते, जिवंत मुळांवर नाही, आणि कुजलेल्या काडीकचऱ्यातील घटक मातीला परत देते. तिच्यावर बुरशीनाशक फवारू नये. पैसाही जातो आणि कुजवण्याचे काम करणारे इतर उपयोगी जीवही मरतात.

चीनमध्ये हीच जाती मुद्दाम लागवड करून, टोपी आणि लेप काढून, धुऊन, वाळवून खाल्ली जाते, हे खरे आहे. ती लागवड केलेली, खात्रीने ओळखलेली अळंबी असते. रानात सापडलेले अंडे किंवा अळंबी खाऊ नये, आणि कोणी औषधी म्हणून सांगितले तरी रुग्णाला देऊ नये. निरीक्षणानंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

शेवटची पायरी: नोंद आणि त्याच जागी परत जाणे

त्याच दिवशी संध्याकाळी वही पूर्ण करावी, कारण वासाचे आणि वेळेचे तपशील दुसऱ्या दिवशी पुसट होतात. तारीख, गाव, जागेचे वर्णन, आदल्या आठवड्याचा पाऊस, साल फुटल्याची वेळ, दर दहा मिनिटांची उंची, जाळी दिसल्याची आणि जमिनीला टेकल्याची वेळ, पहिली माशी, लेप संपल्याची वेळ आणि कोसळण्याची वेळ एवढे असावे. अंडे, अर्धवट उमललेली, पूर्ण उमललेली आणि उघड्या टोपीची अशी निदान चार छायाचित्रे पट्टीसह घ्यावीत. ती आय-नॅचरलिस्टसारख्या सार्वजनिक नोंदस्थळावर टाकली तर दूरवरचे जाणकारही ओळख तपासू शकतात आणि खान्देशच्या नकाशावर एक ठिपका वाढतो.

अळंबी कोसळली तरी बुरशीचे धागे जमिनीत जिवंतच असतात आणि अन्न शिल्लक असेपर्यंत त्याच परिसरात पुन्हा अंडी धरू शकतात. म्हणून बेटातील एखाद्या जाड बांबूला सुतळी बांधून तिथून अंड्याच्या जागेचे अंतर पावलांनी मोजावे, दिशा लिहावी आणि त्या बाजूचा पाचोळा उन्हाळ्यात कोणी पेटवणार नाही एवढे घरच्यांना सांगून ठेवावे. आमच्या बेटात यंदा सुतळीपासून ईशान्येला चार पावलांवर तीन अंडी निघाली. त्यांतले सर्वांत मोठे आज सकाळी टोकाला निमुळते वाटले, म्हणून पोते आणि विजेरी दाराशी काढून ठेवली आहे.